माफीनाम्याऐवजी भिवंडी

आमच्या श्रीरामपूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीने माझ्याकडे तीन ओळींचा माफीनामा मागितला आहे. ‘परदेशी पाहुण्यांचा त्यांच्या मंडळीसमोर अवमान केल्याबद्दल’ असं पत्रात लिहिलंय. तो दिल्याशिवाय मी संडे स्कूलच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही, असंही खाली लिहिलंय. बत्तीस वर्षं मी तो वर्ग घेते. कमिटीतल्या निम्म्या लोकांना दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्या, त्यातली खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा कोणाला धड येत नव्हती, हेही मला आठवतं.

माफीनामा लिहायला मी दोनदा बसले. एक ओळ सुचली नाही. भिवंडीचे ते दिवस मात्र जसेच्या तसे आठवत गेले. तेव्हा कमिटीने आता हेच वाचावं. तीन ओळींत बसलं नाही, त्याला माझा इलाज नाही.

गुरुवार, नारपोली

आधी पाहुण्याची ओळख करून देते. नील ऑस्ट्रेलियाचा. वय अडतीस, केस गाजराच्या रंगाचे, उन्हात दहा मिनिटं उभा राहिला की नाकाची सालं निघतात. त्याची आजी आमच्या गावी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. माझ्या आईला अक्षरं आणि शिवणकाम तिनेच शिकवलं, आणि आईने त्या शिवणकामावर आम्हा चार भावंडांना वाढवलं. त्यामुळे या बाईंचा नातू येतोय, त्याला दुभाषी हवी आहे, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिकेला दुसरं काम तरी काय असतं?

नीलचा व्हिसा पर्यटकाचा होता. पर्यटकाने आपल्या देशात येऊन धर्मप्रचार करायचा नसतो, हे मी त्याला एस.टी. स्टँडवर चहा पिताना स्पष्ट सांगितलं. बघायचं, भेटायचं, आणि कोणी आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर करायची, बस. त्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं. त्याला ख्रिस्ती माणसं भेटायची नव्हती, ती त्याच्याकडे पुष्कळ होती. त्याला इतर धर्मांची माणसं भेटायची होती. मला लगेच सुनंदा आठवली.

सुनंदा जाधव आणि मी डी.एड.ला नगरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी रात्री गुडघे टेकून प्रार्थना करायची, ती पलीकडच्या खाटेवर मांडी घालून डोळे मिटून बसायची, आणि मग दोघी मिळून डब्यातलं लोणचं चोरून खायचो. तिचं घर नारपोलीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. भिवंडीतच ती शिक्षिका झाली आणि भिवंडीतच निवृत्त झाली. नवरा गेला, मुलगा पुण्याला असतो. एकटी राहते, म्हणजे दिवसभर गल्लीतल्या दहा बायका घरात असतात.

संध्याकाळी पोचलो. गल्ली इतकी अरुंद की नीलची पाठीवरची पिशवी दोन्हीकडे घासत होती. आणि आवाज! श्रीरामपूरला साखर कारखान्याचा भोंगा होतो आणि थांबतो. इथे दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू, अखंड खटाखट. सुनंदाच्या मांडणीवरचे पेले सतत किणकिणत होते. नीलने घाबरून विचारलं, भूकंप आहे का. सुनंदा म्हणाली, हो, चाळीस वर्षांपासून.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. आमच्याकडे बाजरीची भाकरी थापताना हात जोरात चालतो, तांदळाची उकड हळुवार हाताने फिरवावी लागते. मी प्रयत्न केला आणि माझी भाकरी काठाने फाटली. नील घाम पुसत, नाक ओढत सगळं जेवला. मग भिंतीवरच्या बुद्धाकडे बघत त्याने मला हळूच विचारलं की सुनंदा या मूर्तीकडे काय मागते. मी तिला विचारलं.

“मागत काही नाही,” सुनंदा म्हणाली. “सकाळी त्याच्याकडे बघते आणि दिवसभर नीट वागायचा प्रयत्न करते. जमत नाही रोज.”

मी सांगितलं. नीलने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला होता, हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, गफूरभाईंचा कारखाना

शुक्रवारी पहाटे मला आवाजाने नाही, शांततेने जाग आली. शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी. गल्लीत कोंबडा ओरडत होता, कोणीतरी भांडी घासत होतं, आणि हे सगळं जणू नव्याने सुरू झाल्यासारखं ऐकू येत होतं.

सुनंदाच्या समोरच गफूरभाईंचा बारा लूमचा कारखाना. त्यांचे आजोबा उत्तर प्रदेशातून आले, ते स्वतः मात्र भिवंडीच्या बाहेर एका आठवड्याच्या वर राहिलेले नाहीत. दाढी मेंदीने रंगवलेली, बनियनवर सुताचं तूस. चहाला बोलावलं आणि समोर बसून नीलशी जे बोलायला लागले, ते थेट ओरडून. नील अंग चोरून बसला. त्याला वाटलं आपण काहीतरी अपमान केला. मला गफूरभाईंनाच विचारावं लागलं. ते हसले. लूमच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही, शुक्रवारीही नाही. त्यांचे कामगार एकमेकांशी बोटांनी बोलतात. सूत तुटलं, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण आहे.

“आज लूम बंद है, टीचर,” ते मला म्हणाले. “आज जो बोलायचंय ते बोला. आज ऐकू येतंय.”

मग काय, दोघं भिडले. नीलने त्यांना पाऊण तासात ख्रिस्ती करायचा प्रयत्न केला आणि गफूरभाईंनी नीलला मुसलमान. मी मधे, दोन्हीकडचं भाषांतर करता करता घसा कोरडा. येशूला गफूरभाई हजरत ईसा म्हणत आणि इतक्या आदराने बोलत, की आमच्या कमिटीतले काही जण इतक्या आदराने बोलत नाहीत. शेवटी गफूरभाईंनी हात झटकले. म्हणाले, दोघं पक्के आहेत, आता बिर्याणी खाऊ. कोणी कोणाला हरवलं नाही आणि कोणाचा रुसवाही राहिला नाही. उघडउघड वाद घालणं किती चांगलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

शुक्रवारीच, दुपारी

दुपारी सुनंदाच्या घरी बायका जमल्या. पाहुणा आलाय, गोरा आहे, देवाचं बोलतो, एवढं पुरेसं होतं. सगळ्या तिच्या समाजातल्या, बौद्ध. कोणी अंगणवाडीत, कोणी शाळेत शिपाई, कोणी घरी शिलाई करणाऱ्या. गल्लीत कोणाकडे हळदीकुंकू असलं तर या जातात, दर्ग्याच्या उरुसाला गफूरभाईंच्या घरून मिठाई आली तर खातात, बुद्धजयंतीला सगळ्या गल्लीला खीर वाढतात. पाहुणा प्रार्थना करतो म्हटल्यावर सगळ्यांनी पदर सावरून डोळे मिटले.

मग त्यांच्यातली एक म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या छातीत तूस बसलंय, खोकला थांबत नाही, त्याच्यासाठी करा. मग दुसरी. एकीचा मुलगा बोलेनासा झाला होता. एकीच्या मुलीचं जातपडताळणीचं प्रमाणपत्र अडकलं होतं आणि त्यावर तिचा प्रवेश. नील म्हणाला, नावं लिहून घेऊ, मी रोज प्रार्थना करीन. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच वहीचा कागद फाडला आणि इंग्रजीत, कुरळ्या अक्षरांत तेवीस नावं लिहिली. नावापुढे दुःख.

शेवटी नील उठला आणि म्हणाला, ज्यांना येशूचा आशीर्वाद हवा त्यांनी हात वर करावेत. मी भाषांतर केलं. सुनंदाने आधी वर केला, घरची यजमानीण म्हणून, मग त्या तेवीसजणींचेही हात वर झाले. घरी आलेला माणूस काही मागतोय आणि त्याला तोंडावर नाही म्हणायचं, हे आपल्याकडे कोण करतं? नीलने फोटो काढला.

आमच्या शिबिरांमध्ये ‘हात वर करा’ याचा अर्थ काय असतो, तो फोटो कुठे जातो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मला तिथेच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. पण चहा उकळून वर आला होता, मी पातेलं उतरवायला गेले आणि तो विचार तिथेच टाकून दिला. माझी चूक एवढीच आहे, आणि तिची माफी मी योग्य माणसाकडे मागितली आहे.

शनिवार, गणेशपुरी

शनिवारी एस.टी.ने गणेशपुरीला गेलो. सुनंदा घरीच राहिली. वाटेत भात कापलेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या. गणेशपुरीत आश्रमाला येणारे परदेशी नेहमीचे, त्यामुळे नीलकडे कोणी वळून बघेना. उलट तीन दुकानदारांनी त्याला रुद्राक्षाच्या माळा दाखवल्या आणि एकाने नीट इंग्रजीत विचारलं की किती दिवस ध्यानाला राहणार. धर्मप्रसाराला आलेल्या माणसाला सगळे भक्त समजत होते. मला हसू आवरेना.

गरम पाण्याच्या कुंडाशी आलो. नील काठावर उभा, उतरेना. देवळाचं पाणी, म्हणून त्याला संकोच वाटत होता. शेजारी एक म्हातारी टोपलीत बोरं घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, हा कोणत्या बाबाचा. मी म्हटलं, येशूचा.

“मग बुडवू दे की पाय,” ती म्हणाली. “पानी काय इचारत न्हाय, तू कुनाचा हाय म्हनून.”

मी नीलला सांगितलं. तो हसला, बूट काढले आणि माझ्या आधी त्याने सरळ सगळ्यात कढत कुंडात पाय घातला. किंचाळला, घसरला आणि नडगी सोलून घेतली. म्हातारीने टोपलीवरचं फडकं थंड पाण्यात भिजवून त्याच्या पायावर घातलं, वर मूठभर बोरं दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला.

झाडाखाली पाय पसरून बसला असताना नील खुशीत होता. मला म्हणाला, तुला दाखवायचं राहिलंच. फोन पुढे केला. त्याच्या मंडळीचं पान. वरती, उंचावलेल्या हातांचा फोटो, बुद्धाची तसबीर कडेला अर्धी कापलेली. खाली माझ्या कुरळ्या अक्षरांतल्या कागदाचा फोटो. आणि मजकूर असा, की भिवंडी नावाच्या शहरात एका दुपारी तेवीस बौद्ध स्त्रियांनी येशूचा स्वीकार केला. उद्या संध्याकाळच्या उपासनेत थेट फोनवरून त्या घरची यजमानीण साक्ष देईल. म्हणजे सुनंदा. त्याने तिला सकाळी विचारलं होतं की उद्या आमच्या लोकांशी दोन शब्द बोलाल का, आणि तिने हो म्हटलं होतं.

माझ्या हातातली बोरं खाली पडली. मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ. तो गोंधळला. मी समजावून सांगितलं. या बायकांची मुलं जातीच्या दाखल्यावर शिकतात. आपल्या कायद्यात बौद्ध झालेल्याची सवलत राहते, ख्रिस्ती झालेल्याची जाते. पडताळणी अडकलेल्या त्या मुलीच्या आईचं नाव या यादीत नवव्या क्रमांकावर आहे. उद्या कोणी हे पान त्या अर्जाला जोडलं तर? आणि शेजारच्या चौकातल्या पोरांच्या हाती लागलं तर सुनंदाच्या दारात कोण उभं राहील? आमच्या घरात हे भोगलंय. माझ्या वडिलांची शिष्यवृत्ती ख्रिस्ती म्हणून गेली, त्यांनी ती जाऊ दिली, कारण धर्म त्यांचा होता, त्यांच्या बापाने निवडलेला आणि त्यांनी स्वतः पुन्हा निवडलेला. या बायकांनी काही निवडलंच नव्हतं.

नीलने शांतपणे ऐकलं. मग त्याने जे विचारलं ते मी विसरणार नाही. हात त्यांनी स्वतः वर केले, त्यांच्या मनात पवित्र आत्म्याने काय केलं हे तू कशावरून सांगतेस? तू फक्त दुभाषी आहेस. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तो खरोखर विचारत होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

मी म्हटलं, लहानपणी शाळेत मला पोरं चिडवायची की तुम्ही दुधाच्या पावडरीवर बाटलात. माझा आजोबा बाटला नव्हता. चार वर्षं शुभवर्तमान वाचून, भावकीशी तोडून, विहिरीवर पाणी बंद झालेलं सोसून तो ख्रिस्ती झाला. त्याचा हात कोणी मोजला नव्हता. तू काल जे केलंस, त्याने ती पोरं खरी ठरतात.

तो फोटो पानावरून काढून टाकायला तयार झाला नाही. म्हणाला, उद्या सुनंदालाच बोलू दे. मी म्हटलं, चालेल.

परतीच्या गाडीत नील मागच्या खिडकीशी बसला, मी पुढच्या बाकावर. घरी सुनंदा सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. मी नीलला वर पाठवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. सगळं सांगितलं, माझ्या अक्षरासकट, चहाच्या पातेल्यासकट. तिचे हात थांबले नाहीत. सगळे बोंबील संपले तेव्हा तिने विचारलं, “उद्या किती वाजता फोन आहे?”

“साडेबारा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते.”

“बायकांना मी सांगते,” ती म्हणाली. “तू फक्त माझं नीट सांगशील ना? गुळगुळीत करून नाही?”

मी शब्द दिला.

रविवार, साडेबारा

बायका बारालाच आल्या. तेवीस नाही, अठरा. बाकीच्यांना घरून निघता आलं नाही. शुक्रवारी डोळे मिटून बसलेल्या त्याच, पण आज कोणी पदर डोक्यावर घेतला नव्हता. नीलने फोन डब्यावर उभा केला, पडद्यावर त्याची मंडळी दिसायला लागली. स्वच्छ लाकडी बाकं, नव्वदेक माणसं, पुढे दोन लहान मुली हात हलवत होत्या. त्या मुलींकडे बघून मला वाईट वाटलं, हे खरं.

आणि एक शब्द ऐकू जाईना. दोन्ही बाजूंना लूम पूर्ण जोरात. तिकडचा पाद्री कानाला हात लावून मान हलवत होता. नील म्हणाला, आपण वरच्या खोलीत जाऊ, किंवा राहू दे, मी नंतर लिहून पाठवतो. त्याच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसली. सुनंदा उठली, दारात गेली आणि समोर गफूरभाईंकडे बघून फक्त हाताची खूण केली. मुठी दोन, एकावर एक, मग सपाट हात. ही खूण कामगारांची, तिला ती गल्लीत राहून येते.

गफूरभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. रविवार, चालू शिफ्ट. मग ते आत वळले. एक लूम थांबला, मग चार, मग सगळे बारा. त्यांनी शेजारच्या शेडमध्ये पोरगा पाठवला नाही, स्वतः गेले. तोही थांबला. पेले किणकिणायचे थांबले. शुक्रवार नसताना त्या गल्लीत शांतता झाली. कामगार तूस लागलेल्या केसांनी दारात येऊन उभे राहिले.

सुनंदा फोनसमोर बसली. तिने आवाज चढवला नाही.

“सांग त्यांना, मी सुनंदा. माझा आजा दीक्षा घ्यायला नागपूरला गेला होता, अंगावरच्या कपड्यानिशी. परत आला आणि घरातले सगळे देव टोपल्यात भरून, स्वतःच्या डोक्यावर घेऊन कामवारी नदीत सोडून आला. आठ दिवस आजीने चूल नीट पेटवली नाही, इतकी भीती होती, आता काय होईल म्हणून. काय झालं न्हाय. आमी माणसं झालो. त्याला धर्म बदलणं म्हणतात. ते एकदा झालंय.”

ती थांबली. मी इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द. ‘आम्ही माणसं झालो’ हेही तसंच सांगितलं, गुळगुळीत काही केलं नाही.

“परवा आमी हात वर केले ते पाहुण्याचा मान ठेवायला. तुमचा माणूस आमच्या घरात जेवला. तुमी आलात तर तुमचाबी मान ठेवू. पण मान ठेवला त्याला तुमी आमचा धर्म गेला म्हणून लिहू नका. आमची नावं तुमच्या पानावरून काढा. ही माझी साक्ष.”

हेही मी सांगितलं. मग मी स्वतःचंही थोडं जोडलं, आणि कमिटीला बहुधा तेच खुपतंय. मी म्हटलं, मी एस्तेर, तुमच्याच प्रभूची, साठ वर्षांपासून. ती यादी माझ्या हाताची आहे आणि ती खोटी आहे.

पडद्यावर बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. पाद्री काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात नीलने पुढे होऊन फोन बंद केला.

गफूरभाई अजून दारात उभे होते. सुनंदाने त्यांच्याकडे मान हलवली. मिनिटभरात लूम सुरू झाले आणि पेले पुन्हा किणकिणायला लागले. बायका उठल्या, आणि जाता जाता त्या खोकणाऱ्या माणसाच्या बायकोने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

नील जिन्यावर बसून राहिला. तासाभराने खाली आला, नडगीला ते बोरंवालीचं फडकं अजून बांधलेलं. माझ्याकडे न बघता सुनंदाला म्हणाला, आणि मी सांगितलं: त्याची आजी तीस वर्षं आमच्या गावाहून घरी पत्रं लिहायची. दर पत्रात तेच, की या वर्षीही कोणी ख्रिस्ती झालं नाही. लहानपणी ती पत्रं वाचताना त्याला आजीची दया यायची. त्याला एकदा तरी घरी काहीतरी पाठवायचं होतं.

“तुझ्या आजीने हिच्या आईला शिवण शिकवलं,” सुनंदा म्हणाली. “ते तिने लिहिलं नव्हतं का पत्रात?”

त्याने तिच्यासमोर बसून फोटो पुसले, तिकडे कळवून तो मजकूर काढायला लावला, आणि तो निघाल्याचं तिला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट तपासलं, पेपर तपासते तसं. मग म्हणाली, चल, जेव. मांदेलीचं तिखट होतं. त्याने डोळे पुसत खाल्लं. तिखटामुळे की कशामुळे, मी भाषांतर केलं नाही.

सोमवार

सकाळी निघताना मी तो वहीचा कागद सुनंदाच्या हातात दिला. तो माझ्याकडेच राहिला होता. तिने तेवीस ओळी वाचल्या. खोकला, न बोलणारा मुलगा, अडकलेलं प्रमाणपत्र.

“प्रार्थना करणार होतात ना तुम्ही यांच्यासाठी?”

“हो.”

“मग करायची की. ते तर खरंच मागितलं होतं त्यांनी.” तिने कागद माझ्यापुढे धरला. “पाठ कर. मोठी पाठांतर घेणारी बाई ना तू.”

मी शहाण्या मुलीसारखी तिच्या ओट्याशी उभी राहिले आणि पाठ केलं. दोनदा चुकले, एका नावापुढे दुसरीचंच दुःख लावलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं तेव्हा तिने कागद गॅसच्या ज्योतीवर धरला आणि राख मोरीत सोडली. समोरच्या शेडमधून गफूरभाईंनी हात वर करून निरोपाची खूण केली. नील माझ्या पुढे, गल्लीच्या भिंतींना पिशवी घासत चालला होता.

तो आता ऑस्ट्रेलियात आहे. तक्रार त्याने केलेली नाही, त्याच्या मंडळीने केली, हे न्यायाने सांगायला हवं. मला त्याने एकच ओळ पाठवली, की आजीची पत्रं तो पुन्हा वाचतोय.

कमिटीने आता काय ते ठरवावं. संडे स्कूलच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. ती हवी असेल तर कोणीतरी घरी येऊन माझ्या तोंडावर मागावी. मी ती आपणहून द्यायला येणार नाही. तोवर रोज पहाटे, माझा नवरा उठायच्या आत, मी ती तेवीस नावं देवापुढे म्हणते, दुःखांसकट, क्रमाने. नवव्या नावाशी थोडी जास्त थांबते. ती नावं मी या सबंध लिखाणात कुठेही दिलेली नाहीत. कमिटीने मागितली तरी देणार नाही. ती देवाला ठाऊक आहेत, सुनंदाला ठाऊक आहेत आणि मला पाठ आहेत.